आतली हवा, बाहेरची हवा आणि चपलेचा तुकडा

मित्रांनो, मिस्त्रीच्या दुकानात पान्यांच्या फळीशेजारी, खिळ्याला तारेने लटकवलेली एक काळी पट्टी तुम्हाला कधी दिसली, तर ती मी. तळहाताएवढी आहे. एक कोपरा तुटलेला, आणि कडेच्या स्पंजावर तपकिरी डाग. गिऱ्हाइकांना तो ग्रीसचा वाटतो. तो रक्ताचा आहे.

मी एका भाड्याच्या मोटारीतली हवेची झडप होते. ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर जो कप्पा असतो ना, त्याच्या मागच्या अंधारात माझे घर होते. तिथे हवेला दोन वाटा असतात. एक समोरच्या काचेखालच्या जाळीतून येते, ती बाहेरची हवा. दुसरी गाडीतूनच परत येते, ती आतली हवा. या दोन वाटांना मिळून दार एकच, ते म्हणजे मी. एक वाट उघडली की दुसरी आपोआप बंद. ड्रायव्हरसमोर एक बटण असते. त्यावर गाडीचे चित्र असते आणि गाडीच्या पोटात गोल वळलेला बाण. ते दाबून दिवा लागला की एक छोटी मोटर मला ओढते, टक असा आवाज होतो आणि बाहेरची वाट मिटते. पुन्हा दाबले की उघडते. एवढेच माझे काम. मला डोळे नाहीत. मी जग ओळखले ते वासाने आणि दणक्यांनी. दणके जरा जास्तच मिळाले.

माझा जन्मच मारामारीत झाला. उकळते प्लास्टिक दोन पोलादी जबड्यांत दाबले गेले, जबडे फाकले आणि मी बाहेर फेकली गेले. एका कामगाराने सुरीने माझ्या कडा तासल्या. दुसऱ्याने पोटातून सळई आरपार घातली. गाडीत बसवताना मी जागेवर जाईना, तेव्हा जोडाऱ्याने मुठीने दोन ठोसे दिले आणि म्हणाला, "बस की गप!" मी बसले.

गाडी ज्याने घेतली त्याला मी दाजी म्हणेन, कारण गाडीत ती हाक सगळ्यात जास्त ऐकू यायची. दाजीची बायको म्हणजे ताई. तिला दम्याचा त्रास होता. आणि ताईचा धाकटा भाऊ, तो मेहुणा. या तिघांची ही हकिगत आहे.

पहिली दोन वर्षे माझे कौतुक झाले. पुढे ट्रक धूर ओकत चालला असला की दाजी बटण दाबायचा, मी मिटायचे, आणि तो मागच्या प्रवाशांना ऐटीत सांगायचा, "बघा, वाससुद्धा येत नाही." ट्रक मागे पडला की पुन्हा उघडायचा. शहाण्यासारखे वागायचा तेव्हा.

मग उंदीर आला. गाडी आठ दिवस उभी होती. जाळीतून एक उंदीर माझ्या डोक्यावर येऊन राहिला. त्याने कापूस, कागद, माझ्याच स्पंजाचे तुकडे आणून घर केले, आणि माझ्याखालच्या हवेच्या गाळणीलाही कुरतडून मोठे भोक पाडले. दाजीने गाडी सुरू केली, पंखा पूर्ण वेगाने फिरवला आणि मी उघडीच होते. उंदीर माझ्यावरून घसरला तो थेट खालच्या पंख्यात. एक घुर्रऽऽ झाले, मग थप थप थप. पुढचे सांगत नाही. माझ्या दोन्ही बाजूंना त्याचे शिंतोडे उडाले, आणि ती सगळी घाण वाऱ्याबरोबर गाडीत गेली. शेजारी ताई बसली होती. त्या वासाने तिचा श्वास असा अडकला, की ओठ निळे पडले म्हणे. दाजीने गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवून तिला बाहेर ओढले आणि तिच्या तोंडाला तिचा श्वासाचा पंप लावला.

त्या दिवशी दाजीने पण केला, बाहेरचे काही म्हणजे काही आत येऊ द्यायचे नाही. बटण एकदा दाबले ते दाबले. मी मिटून बसले. महिन्यांमागून महिने तीच हवा, तोच घाम, तेच श्वास माझ्या पोटाखालून फिरत राहिले.

पुढे मेहुण्याची नोकरी सुटली आणि दाजीने त्याला दुपारच्या पाळीला गाडी चालवायला दिली. सकाळी दाजी, दुपारनंतर मेहुणा. किल्ली देताना दाजीने एकच अट सांगितली.

"या बटणाला हात लावलास तर हात तोडीन."

"का हो दाजी? त्यात काय सोनं आहे?"

"तुझ्या बहिणीचा जीव आहे. कळलं?"

कळले नाही. कारण उंदराची गोष्ट दाजीने सांगितलीच नाही. तो हुकूम देणारा माणूस, कारण सांगणे त्याला कमीपणाचे वाटे.

एका तापलेल्या दुपारी मेहुणा चार प्रवासी घेऊन लांबच्या गावी निघाला. काचा बंद आणि मीही बंद. तीन तास पाच माणसे एकमेकांनी सोडलेला श्वास पुन्हा पुन्हा घेत होती. हवा जड झाली हे मला कळत होते, पण मला सांगता कुठे येते? आधी मागचे तिघे पेंगले, मग पुढचा पेंगला, आणि मग मेहुण्याची मान पडली. गाडी दुभाजकाच्या भिंतीला घासत गेली. पत्रा फाटण्याचा आवाज, काचांचा पाऊस, किंकाळ्या. मागच्या एकाचे कपाळ फुटले. दाराचा चेंदामेंदा झाला. जीव वाचले एवढेच.

गाडी तळावर आली तेव्हा दाजी वाटच पाहत होता. सगळे ड्रायव्हर जमले होते.

"किती ढोसली होतीस?"

"थेंब नाही दाजी. डोकं जड झालं होतं. डोळे आपोआप..."

"डोकं असेल तर जड होईल ना!"

सगळे हसले. मेहुणा म्हणाला, "तोंडाचा वास घेऊन तरी बघा!" पण दाजीने डोक्यात राख घालून घेतली होती. त्याने पायातली चप्पल काढली आणि गाडीच्या उघड्या दारातच मेहुण्याला झोडपायला सुरुवात केली. पाठीवर, डोक्यावर, तोंडावर. फट् फट् फट्. सत्तावीस वर्षांचा माणूस, ज्यांच्याबरोबर रोज चहा प्यायचा त्यांच्यासमोर चपलेने मार खात होता. त्याने हात उचलला नाही. शेवटी चपलेचा अंगठाच तुटला. दाजीने ती गाडीत भिरकावली आणि एका पायाने अनवाणी निघून गेला.

मेहुणा सीटवर येऊन बसला. मला रक्ताचा आणि खारट पाण्याचा वास आला. मग त्याने कप्पा उघडला, त्याचे दोन्ही बाजूंचे खटके दाबून तो खाली सोडला आणि हवेची गाळणी उपसून काढली. "हवाच कोंडली होती," असे पुटपुटत त्याने बटण दाबून मला उघडले. मग सुरीने त्याच चपलेच्या टाचेचा जाड तुकडा कापला, पाचरीसारखा तासला आणि माझ्या सळईपाशी ठोकून बसवला, हाताच्या तळव्याने, दात खाऊन. गाळणी परत घातली, कप्पा लावला. पुन्हा बटण दाबले. दिवा लागला. मोटरने मला ओढले, पण मी हललेही नाही.

"आता बसा बोंबलत," तो म्हणाला. कोणाला म्हणाला, ते मला ठाऊक होते.

मित्रांनो, त्याचे म्हणणे खोटे नव्हते. बंद हवेनेच त्याचा घात केला होता. पण दाजीने जसा हुकूम दिला, तशी याने पाचर मारली. तोंड उघडून नीट सांगितले दोघांपैकी एकानेही नाही.

पाच महिने तसेच गेले. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. किल्ली बाकावर ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. गाडी सुरू झाली की मोटर मला मिटवायला बघायची आणि टक टक टक असे दात घासून थकायची. दाजी म्हणायचा, "म्हातारी झाली गाडी, पूर्वीसारखी थंड होत नाही." दिवा तर लागलेला असायचा, मग शंका कशाला येणार?

आणि मग तो दिवस उगवला. ताईला मोठ्या दवाखान्यात तपासणीला न्यायचे होते. ती म्हणाली, दोघेही माझ्याबरोबर चला, नाहीतर मी जातच नाही. दाजी गाडी चालवत होता, मेहुणा त्याच्या शेजारी, ताई मागे. दोघांच्या मध्ये ती एकटी बोलत होती.

"दोघांच्या तोंडाला कुलूप लावलंय का रे? मला दम लागतो आणि बडबड मीच करायची?"

वाटेत एक बंद पडलेला कारखाना होता. त्या सकाळी मालकाने निम्मे लोक कामावर आत घेतले आणि निम्म्यांना दाराबाहेर ठेवले. कालपर्यंत एका डब्यातले जेवणारे लोक. आतल्यांनी दार लावून घेतले, बाहेरचे दार फोडायला निघाले. आमची गाडी वळणावरून पुढे गेली ती नेमकी या दोन गटांच्या मधोमध. मागे ट्रक येऊन अडकला. ना पुढे जाता येई, ना मागे.

आधी मला जळत्या रबराचा वास आला. टायर पेटवले होते. मग छतावर दगड पडला, मग दुसरा, मग मोजता येईनात. बाहेर लोखंडी सळया हाडांवर पडत होत्या. हाडाचा आवाज लाकडासारखा येतो, हे मला त्या दिवशी कळले. कोणीतरी आमच्या बॉनेटवर आदळले आणि घसरत खाली गेले. कोणी ओरडत होते, "मारा, सोडू नका!" आणि दुसरा ओरडत होता, "अरे मी आहे, मी!" समोरच्या काचेवर वीट बसली, काच तडकून जाळे झाले, पण पडली नाही. मग शिपायांनी अश्रुधुराची नळकांडी फोडली, आणि तो तिखट धूर आणि टायरचा काळा धूर मिळून माझ्यातून सरळ गाडीत घुसला.

मागून ताई खोकली. एकदा, दोनदा, मग थांबलीच नाही.

"आतली हवा लावा!" मेहुणा सवयीने ओरडला.

"लावलेलीच आहे! दिवा दिसत नाही का?" दाजीने बटण दाबले, पुन्हा दाबले, पुन्हा. टक टक टक टक. मी जीव तोडून ओढ घेत होते मित्रांनो, माझी सळई वाकत होती, पण ती पाचर हटेना. दाजीने पंखा बंद केला, तरी धूर येतच राहिला. ताईच्या हातातला पंप सीटखाली घरंगळला. तिच्या छातीतून आता खोकला नाही, नुसती शीळ येत होती.

मेहुण्याच्या तोंडचे पाणी पळाले. तो म्हणाला, "दाजी, झडपेला पाचर मी मारलीय. आत. ती मिटणार नाही."

 दाजी गरजला, "मेल्या, बहिणीच्या जिवावर उठलास!" आणि त्याने मेहुण्याच्या तोंडावर गुद्दा मारला. बाहेर माणसे एकमेकांना मारत होती, आत माणसे एकमेकांना मारत होती, आणि मध्ये मी. मला दोन्हींतला फरक सांगता आला नसता.

"नंतर मारा!" मेहुणा ओरडला. "आधी पाना द्या!"

सीटखालचा चाकाचा पाना घेऊन तो कप्प्यावर तुटून पडला. खटके दाबायला वेळ कुठे होता? तीन घावांत कप्प्याचे तुकडे झाले. गाळणी फाडून फेकली आणि हात वर माझ्याकडे घातला. बोटे पाचरीला लागली, पण रबर घट्ट रुतले होते. तो ओढत होता. आणि तेवढ्यात दाजीने, काहीतरी केले पाहिजे म्हणून, घाबरून पंख्याचा खटका पूर्ण फिरवला.

पंखा त्याच्या मनगटाखालीच होता. उंदराच्या वेळचा तोच आवाज आला. मेहुणा असा ओरडला, की बाहेरच्या आरडाओरड्यातही मला वेगळा ऐकू आला. पण त्याने हात काढला नाही. रक्त माझ्या अंगावर उडत होते, त्याची बोटे त्याच रक्ताने घसरत होती. त्याने एकदा पूर्ण ताकदीने हिसडा दिला. पाचर निघाली, आणि तिच्याबरोबर माझा कोपराही. मोटर केव्हापासून ओढतच होती. टक.

मी मिटले. तुटक्या कोपऱ्यातून थोडा धूर येत राहिला, पण लोंढा थांबला.

मेहुण्याने तो रक्ताळलेला तुकडा दाजीच्या मांडीवर टाकला. दाजीने तो चाचपला. टाचेवर खिळ्याने पडलेले ते भोक त्याच्या ओळखीचे होते. ती त्याचीच चप्पल होती.  मेहुणा रक्ताच्या हाताने सीटखाली चाचपडत पंप शोधत होता. तो सापडला, त्याने मागे दिला. ताईने ओढला. एकदा, दोनदा. शिळेत थोडी हवा मिसळली.

शिपायांनी रेटा दिला, जमाव एका अंगाला फुटला. दाजीने गाडी फटीतून घातली. निघता निघता कोणीतरी पुढच्या जाळीत सळई खुपसली. थंड करणाऱ्या नळीतला वायू फुस्स करून निघून गेला. पण आम्ही मोकळ्या रस्त्यावर आलो. धूर मागे राहिला. आता दवाखाना गाठायचा होता.

तुम्हाला वाटेल, सुटलो. आगीतून सुटलो ते फुफाट्यात पडलो. गाडी आता थंड होत नव्हती, मी मिटलेली, काचा मिटलेल्या, आणि तीन माणसे भात्यासारखी धापा टाकत होती. श्वासांची वाफ काचांवर धरली. आधीच तडकलेली समोरची काच पांढरी झाली. दाजी बाहीने पुसत होता, पुसले की पुन्हा धरे.

"आता उघडा," मेहुणा म्हणाला.

"खबरदार! इतक्या मुश्किलीने मिटलीय!"

"धूर गेलाय, दाजी! बाहेर चांगली हवा आहे. त्या दिवशी मला हेच झालं होतं, हेच!"

"बाहेरचं काही आत येणार नाही!"

कोणीतरी भोंगा दाबून अगदी जवळून गेले. गाडी हेलकावली. दाजीला रस्ता दिसत नव्हता, पण हट्ट सुटत नव्हता. मागे ताईची शीळ पुन्हा बारीक होत चालली होती. काचाही दाजीने आपल्या बाजूच्या खटक्याने अडवून धरल्या होत्या. एकजण रागाने गच्च, दुसऱ्याचा हात रक्ताने भरलेला.

तेव्हा दोन सीटांच्या मधून एक हात पुढे आला. मला त्या बोटांच्या औषधाचा वास ओळखीचा होता. दाजीने तो हात अडवायला आपला हात घातला. ताईने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, हो मित्रांनो, चावा घेतला, आणि बटण दाबले.

आता पाळी माझी होती. माझी सळई वाकलेली, कोपरा गेलेला, मोटरचे दात पाच महिन्यांत झिजलेले, अंगावर रक्त वाळू लागलेले. टक टक. हलेना. टक टक. माझ्या उभ्या आयुष्यात मी कधी प्रार्थना केली नव्हती, तेव्हा केली. टक.

बाहेरची हवा आली. साधी, धुळीची, रस्त्याकडेच्या गवताची हवा. ती काचेवर चढली आणि पांढऱ्या पडद्याला खालून वर भोक पडत गेले. दाजीला रस्ता दिसला. समोर हातभर अंतरावर उभा टेम्पो दिसला. त्याने चाक वळवले आणि गाडीचा बाजूचा आरसा तुटला फक्त. मागे ताईने लांब, फाटका, पण पूर्ण श्वास घेतला. मी तो ऐकला. अजून ऐकते.

ती वाचली. सहा दिवस दवाखान्यात होती. मेहुण्याच्या हाताला अकरा टाके पडले आणि एक बोट कायमचे ताठ राहिले.

सातव्या दिवशी दोघे गाडीत बसले होते, ताईला आणायला आले होते. कप्प्याच्या जागी भोक होते, त्यामुळे मला सगळे स्वच्छ ऐकू येत होते.

दाजी म्हणाला, "त्या दिवशी तू प्यायला नव्हतास."

"नव्हतो."

"मग सांगितलं का नाहीस नीट?"

"विचारलंत कुठे? आधी हात उचललात."

 मग दाजीने पहिल्यांदा उंदराची गोष्ट सांगितली. निळे पडलेले ओठ, रस्त्याच्या मधोमध थांबवलेली गाडी, सगळी. मेहुणा म्हणाला, "हे आधी सांगितलं असतंत तर मी पाचर मारली असती का?" दाजी म्हणाला, "नाही." आणि मग मला मोठ्या माणसाच्या रडण्याचा वास आला. तो कोणाचा, हे सांगणार नाही.

मिस्त्रीने मला काढले आणि माझ्या जागी नवी झडप बसवली. मला तो टाकूनच देणार होता, पण ताईने अडवले. "ही इथं टांगा," ती म्हणाली. "आणि कोणी येऊन म्हणालं, 'बटण जाम करून द्या, एकच हवा राहू द्या,' तर ही त्याच्या हातात द्या." मिस्त्री तसेच करतो. माझा डाग दाखवतो आणि सांगतो: धुरात मिटा, धुळीत मिटा, गाडी लवकर थंड करायची तर थोडा वेळ मिटा; पण वाफ धरली, डोळे जड झाले, तीन-चार माणसे बराच वेळ बसली, की उघडा. दार मिटायलाही असते आणि उघडायलाही.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. तुमच्या घरच्या गाडीत कोणी पेंगू लागले, तर भांडू नका, ते बटण दाखवा आणि का ते सांगा. कारण सांगायला दोन वाक्ये लागतात. माझ्या अंगावरचा डाग वर्षानुवर्षे निघत नाही.

चपलेचा तुकडा ताईकडे आहे. गाडीच्या नव्या कप्प्यात ती तो ठेवते. गाडी दुरुस्तीला येते तेव्हा ती तिघे येतात. दाजी आणि मेहुणा अजूनही भांडतात, कुठल्या रस्त्याने जायचे, कुठे थांबायचे, आवाज चढतात. मग मला कप्पा उघडल्याचा आवाज येतो.  ताई तो तुकडा काढून दोघांच्या मध्ये ठेवते.

आवाज खाली येतात. मग दोघांपैकी कोणीतरी म्हणतो, "बरं, काय म्हणणं आहे ते आधी ऐकतो."